वेफर्सच्या पाकिटावर छपाई चुकलीये, जपून ठेवू की टाकू?

गोट्या_सांगली:
मंडळी, दुकानातून वेफर्सची लडी आणली तर त्यातल्या दोन पाकिटांवर कंपनीचं नाव मधूनच कापलंय, अर्धं वर अर्धं खाली, आणि एकावर लाल रंग सरकून सगळी अक्षरं डबल दिसतायत. भाऊ म्हणतो ठेव जपून, चुकलेल्या नोटांना पैसे येतात तसे यालाही येतील. खरंच कोणी घेतं का असलं?

छापखानावाला:
कापलेलं नाव ही छपाईची चूकच नाही ओ. रोलच्या कडेला छोटा गडद ठोकळा असतो, आय मार्क म्हणतात, पॅकिंग मशीनचा सेन्सर तो बघून कापायची जागा ठरवतो, तो चुकला की ऑपरेटरच्या लक्षात येईपर्यंत तसलाच माल निघत राहतो. डबल अक्षरं मात्र आमच्याकडची, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, हललं. प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा, फिल्म जरा ताणली की एक रंग सरकतो. पण रोल हजारो मीटर चालतो, तुमच्यासारखी पाकिटं किती जणांनी फोडून खाल्ली असतील देव जाणे.

तिकीटवेडा:
नोटा-तिकिटांशी तुलना नको राव. अमेरिकेचं १९१८ चं २४ सेंटचं उलट्या विमानाचं तिकीट, त्याचं १०० तिकिटांचं एकच शीट बाहेर पडलं हे पक्कं माहितीये, म्हणून २०२३ मध्ये त्यातलं एक २० लाख डॉलरला गेलं. आपलं १८५४ चं चार आण्याचं पण तसंच, लाल चौकट आणि निळं राणीचं डोकं वेगवेगळं छापायचे, कागद उलटा गेला की राणी शीर्षासनात. सरकारी छपाईत चुकलेलं नष्ट करतात, त्यातून निसटलेलं दुर्मिळ. वेफर्सची मोजदाद कोण ठेवतंय?

काडेपेटी_काका:
पैशासाठी ठेवणार असाल तर टाका. हौस असेल तर ठेवा, मी काडेपेटीची लेबलं जमवतो, आमच्यात रंग सरकलेलं लेबल अदलाबदलीत दोन चांगल्या लेबलांना जातं, फार तर. पण स्पेलिंग चुकलंय म्हणून हुरळू नका, चालणाऱ्या ब्रँडचं नाव एखादं अक्षर बदलून मुद्दाम छापलेल्या पेट्या ढिगाने मिळतात. आणि एमआरपीच छापली नाही असं पाकीट कोणी ‘एरर’ म्हणून विकायला आला तर लांबूनच नमस्कार, ती शाई बऱ्याचदा स्पिरिटने पुसता येते.

गोट्या_सांगली:
मग डबल अक्षरवालं ठेवतोच. भरलेलं ठेवू की रिकामं?

काडेपेटी_काका:
रिकामं. भरलेलं ठेवलंत तर मुंग्या तुमच्याआधी कलेक्शन बघतील. मागचं उभं सील हळू सोडवून सपाट करा, बॅच नंबरचा भाग कापू नका. आणि ती नाव कापलेली दोन पाकिटं लडीत एकमेकांना लागून आहेत का अजून? असतील तर तोडू नका, आधी फोटो टाका इथे.