जिना चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र पाय उचलत नाही

उंबरठा:
माझे वय ५२ असून आम्ही डोंबिवलीत लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रेल्वेचा पूल उतरताना, मागच्या गर्दीच्या रेट्यात माझा पाय घसरला आणि चार पायऱ्या मी बसूनच खाली आले. घोटा महिनाभरात बरा झाला, भीती मात्र राहिली. उतरण्यासाठी वरच्या पायरीवर उभी राहिले की पोटात गोळा येतो, तळहातांना घाम सुटतो आणि पायऱ्या एकमेकींत मिसळून सगळा उतारच असल्यासारखा दिसतो. हल्ली भाजीसाठी दोरीला पिशवी बांधून गॅलरीतून सोडते आणि लग्नाचे आमंत्रण आले की आधी हॉल कितव्या मजल्यावर आहे ते विचारते. घरचे म्हणतात, हे मनाचे खेळ आहेत. ज्यांना असा अनुभव आहे, त्यांनी काय केले?

जुनाजिना:
मनाचे खेळ हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. पायऱ्या एकमेकींत मिसळतात, असे आपण लिहिले आहे, म्हणून विचारतो: आपला चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल आहे का? त्या भिंगाचा खालचा भाग वाचनाच्या अंतरासाठी केलेला असतो आणि उतरताना आपण नेमके त्याच भागातून खालची पायरी पाहतो, त्यामुळे तिची कड धूसर होते. मला हे कळायला वर्ष गेले. तोवर मी स्वतःला भित्रा समजत होतो. हनुवटी खाली घेऊन भिंगाच्या वरच्या भागातून पाहावे, किंवा बाहेर पडताना केवळ दूरचा चष्मा लावावा. शिवाय रक्तदाब, कानातील तोलाचा दोष आणि मधुमेह असल्यास तळपायाची संवेदना, हेही डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

पायवाट:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला लांब होता होता शरीराचे वजन तोलावे लागते. जिना टाळत गेल्यास नेमके हेच बळ कमी होते, मग पाय खरोखरच लटपटतो आणि भीतीला पुरावा मिळतो. म्हणून खुर्चीवर हातांचा आधार न घेता सावकाश बसण्याचा सराव करावा. उठण्यापेक्षा बसणे महत्त्वाचे. जिन्याचा सराव वरून नव्हे, तळातून सुरू करावा: कठडा धरून सर्वांत खालची एकच पायरी उतरावी आणि धडधड शमेपर्यंत पुन्हापुन्हा उतरावी, मग दोन. मध्येच पळ काढल्यास भीती वाढते. एवढे करूनही घराबाहेर पडणे बंदच होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच नको. भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याचीच पद्धत तेही वापरतात. पिशवी दोरीने सोडत असाल तर खुशाल सोडा, उतरताना हात मोकळे राहतील. पण त्या निमित्ताने उतरणे बंद करू नका.

खडूस आजोबा:
सगळे बाईंचीच तपासणी करताहेत, जिन्याची कोण करणार? राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, परंतु माझ्या मते उंचीपेक्षा असमानता अधिक घातक असते, कारण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पाय उंची पाठ करतो आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही. आमच्या सोसायटीने आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा जमीन वर आली आणि शेवटची पायरी बुटकी झाली. त्यानंतर तिथे तिघे अडखळले, आणि कमिटीच्या बैठकीत चर्चा झाली ती त्यांच्या चपलांची! मोजपट्टी घेऊन मोजा, आणि पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या रंगाचा पट्टा मारून घ्या.

उंबरठा:
सर्वांचे आभार. चष्मा प्रोग्रेसिव्हच आहे, आणि घरी पावती शोधली तेव्हा लक्षात आले की मी पडले त्याच वर्षी, मे महिन्यात तो केला होता. पायऱ्याही मोजल्या: बाकीच्या साधारण १७ सेंटिमीटरच्या आहेत, शेवटची ११ची. रंगाचा विषय सेक्रेटरींच्या कानावर घातला आहे. आज दूरचा जुना चष्मा लावून खालची ती एकच पायरी सात वेळा उतरले. शेवटी तळमजल्यावरच्या छोट्या मुलीने विचारले, ‘काकू, तुमचे काही हरवले आहे का?’