गलबताचं लाकडी मॉडेल (१:४८): थर सुटतायत, नाळ जमत नाही

नाखवा४८
नमस्कार मंडळी. मराठा आरमारातल्या गलबताचं मॉडेल हाताने करतोय. मूळ लांबी ६० फूट धरली, म्हणजे १:४८ ला १५ इंच. रुंदी ४ इंच. थरावर थर चिकटवून कोरायची पद्धत घेतली आहे: जुन्या सागाच्या ८ मिमीच्या ६ फळ्या, फेविकॉल, रात्रभर शिकंजा. कोरायला घेतल्यावर नाळेकडचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडचे, वरचे दोन थर सुटले. शिवाय नाळेजवळ उजवी बाजू डावीपेक्षा जाड दिसते, कितीही कानस मारली तरी. वरून १ मिमीच्या पट्ट्या लावाव्यात की कोरलेलं अंग तसंच रंगवावं, हेही ठरत नाही. वल्ही दर बाजूला २० काढली आहेत, डेक सागाच्या पट्ट्यांचा. माहिती शोधायला गेलं की सगळीकडे युरोपियन जहाजांची किट्स. जाणकारांनी सांगावं.

पटाशी
सुटलेल्या थराची खालची बाजू उजेडात धरून बघा. गोंद काचेसारखा सपाट, चकचकीत निघाला असेल आणि त्याला लाकडाचा एकही तंतू चिकटलेला नसेल, तर दोष सागाच्या अंगच्या तेलाचा आहे. रंधा मारून फळी दोन-चार दिवस पडून राहिली की तेल वर येतं आणि गोंदाला धरायला लाकूडच मिळत नाही. तंतू उपटून आले असतील तर मात्र गोंद पक्का होता, पटाशीचा रेटा उलट्या दिशेने बसला.

सागच वापरायचा असेल तर ताजा रंधा मारा, ॲसिटोनने पुसा, ते उडालं की अर्ध्या तासाच्या आत चिकटवा. गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावायचा. शिकंजा इतकाच आवळायचा की कडेने गोंदाचे बारीक मणी दिसावेत. त्यापुढे पिळलं तर सांध्यात गोंदच उरत नाही. एक रात्र कमी पडते, पूर्ण २४ तास द्या, पावसाळ्यात ४८.

पण माझं ऐकाल तर कोरायला साग नकोच. मूळ जहाज सागाचं म्हणून मॉडेलही सागाचं, हा मोह सोडा. सागाचं ०.३ मिमीचं छिद्र १:४८ ला जवळजवळ दीड सेंटिमीटरचं भोक होतं, आणि रंगाखालूनही ते दिसतं. त्यात सागात वाळूचा अंश असतो, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. आतलं अंग शिवणीच्या झाडाच्या लाकडाचं करा: मऊ, सरळ रेषेचं, वाकत-फुगत कमी. जे डोळ्यांना दिसणार, म्हणजे नाळ, कठडे, सुकाणू, त्यासाठी हळदू. बारीक पोताचं लाकूड आहे, कड सुरीसारखी राहते. पांगारा हलका आणि कोरायला सोपा खरा, पण पातळ कडा चुरतात, तो नाळेला घेऊ नका.

अजून एक. मधले थर चिकटवण्याआधी आतून पोकळ कापा, भिंत १२ मिमीची ठेवा. भरीव ठोकळ्याचं अंग बाहेरून सुकतं आणि आत ओल राहते. कोकणातल्या पावसात चिकटवलेला ठोकळा उन्हाळ्यात देशावर नेला की सांध्यातच तडकतो, तो याचमुळे.

गुण्या
जाड दिसणाऱ्या बाजूबद्दल. कानस मारत राहू नका, मध्यरेषा तपासा. ती प्रत्येक थरावर वर, खाली आणि दोन्ही टोकांच्या कडेवर काढलेली असली पाहिजे. चिकटवताना थर गोंदावर सरकतात. नाळेशी १ मिमी सरकलेला थर खऱ्या जहाजात जवळजवळ ५ सेंटिमीटरने तिरका असतो. म्हणून पुढच्या-मागच्या टाकाऊ भागातून ३ मिमीच्या बांबूच्या दोन खुंट्या आरपार ठोका आणि मगच शिकंजा लावा.

दुसरी युक्ती अगदी साधी: गोंदात काळ्या शाईचे दोन थेंब. कोरत जाल तशा सांध्यांच्या काळ्या रेषा उघड्या पडतात. तळाकडे अंग पसरट, तिथे रेषा लांब-लांब जातात. बाजू उभी, तिथे जवळ येतात. समोरून बघितल्यावर डावीकडच्या रेषांचं चित्र उजवीकडे आरशासारखं दिसलं पाहिजे. कुठे जास्त लाकूड आहे ते मोजपट्टीच्या आधी या रेषा सांगतात.

अंगाचा आकार तपासायचे साचे सनमायकाच्या तुकड्यांचे कापा. मध्यभागी दर ४० मिमीला एक पुरतो, पण नाळेकडच्या एक तृतीयांश भागात दर २० मिमीला एक हवा, कारण आकार तिथेच झपाट्याने बदलतो. साच्याच्या कडेला पेन्सिलीचं शिसं घासून तो अंगाला दाबा. काळा डाग उठेल तिथेच लाकूड काढायचं, दुसरीकडे हात लावायचा नाही. कोरण्याची दिशा कायम मध्यापासून टोकांकडे, रुंदाकडून अरुंदाकडे. नाळेकडून मध्याकडे पटाशी ढकलली की ती रेषेत घुसते आणि ढलपी उचलते. वरचे थर सुटायला तेलाबरोबर हेही कारण असेल.

पट्ट्या जरूर लावा, पण आधी ठरवा, कारण मग अंग सगळीकडून १ मिमी बारीक कोरावं लागतं. हे विसरलं की नाळेच्या आणि पठाणाच्या (तळाच्या लांब तुळईच्या) कडेला पट्ट्या वर उभ्या राहतात आणि दुरुस्तीला जागा नसते. पट्टी ४ मिमी रुंद घ्या, म्हणजे खरी १९ सेंटिमीटरची फळी. मधल्या भागात कठड्यापासून पठाणापर्यंत दोऱ्याने मोजा. ७५ मिमी आलं तर १९ पट्ट्या. नाळेपाशी तेच अंतर ४५ मिमी असेल तर प्रत्येक पट्टी टोकाला २.४ मिमीपर्यंत निमुळती करायची. निम्म्याखाली, म्हणजे २ मिमीखाली जायची वेळ आली तर दोन पट्ट्यांची एक करा. एक डावीकडे, लगेच एक उजवीकडे, असंच जायचं.

डोलकाठी
वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी गलबताच्या ओळखीबद्दल लिहितो, कारण युरोपियन किटचे नियम लावले की मॉडेल सुबक होतं, पण गलबत राहत नाही.

अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या किनाऱ्यावरच्या गुराबा (मोठ्या लढाऊ नौका) आणि गलबतांचं वर्णन करून ठेवलंय. गलबत गुराबेसारखंच बांधलेलं, पण लहान, मोठ्यात मोठं क्वचितच ७० टनांच्या वर. दोन डोलकाठ्या, त्यात मागची अगदी किरकोळ. मोठ्या काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, त्याचं टोक काठीच्याही बरंच वर. वल्ही ४० ते ५०. वजन कमी राहावं म्हणून डेक चिरलेल्या बांबूंचा, आणि कठड्यावर फक्त फिरत्या बैठकीच्या लहान तोफा. सर्वांत मोठ्या गलबतांना मात्र पक्का डेक आणि २ ते ४ पौंडी गोळ्याच्या ६-८ तोफा. तेव्हा एक काय ते निवडा. बांबूचा डेक आणि त्यावर गाड्याच्या तोफा, ही खिचडी नको.

आता तुमची वल्ही. वल्हवणाऱ्याला पुढे-मागे साधारण ३ फूट लागतात. २० वल्ह्यांना ६० फूट, म्हणजे नाळेपासून सुकाणूपर्यंत सगळं जहाज. ६० फुटी गलबतात वल्ह्यांना ४२ फूट मिळाले तरी पुष्कळ. दर बाजूला १४ बसतील, मॉडेलवर १९ मिमीच्या अंतराने. ४० वल्ही हवीच असतील तर जहाज लांब करा, अंतर कमी करू नका.

बांबूच्या डेकसाठी उदबत्तीच्या कोऱ्या काड्या आणा. त्या साधारण १.३ मिमीच्या असतात, १:४८ ला सहा सेंटिमीटर. मधोमध चिरून सपाट बाजू खाली चिकटवा. काडीचं पेर दिसलं तर तो भाग टाकून द्या, ते पेर या प्रमाणात डोक्याएवढं दिसतं.

पुढे झेपावलेली नाळ थरांमधून कोरू नका. टोकाशी थर कागदासारखे पातळ होतात आणि उडतात. हळदूचा वेगळा तुकडा घ्या, रेषा नाळेच्या लांबीच्या दिशेने, आणि १० मिमी खोल खाच करून अंगात बसवा. मोठी डोलकाठी किंचित पुढे झुकलेली हवी. तिला दोरांच्या शिड्या बांधू नका. अशा शिडाला आधाराचे दोर वाऱ्याच्या बाजूला ताणतात आणि दुसऱ्या बाजूचे सैल सोडतात. तळाला तांब्याचा पत्राही नको, तो ब्रिटिश आरमारातसुद्धा १७८० च्या सुमारास सरसकट आला. इथे तळाला चुना आणि चरबीचा लेप असे, म्हणून मळकट पांढरा, चमक नसलेला रंग द्या.

नाखवा४८
गोंद चकचकीतच निघालाय, म्हणजे तेलच. शिवणीने नव्याने सुरुवात करतो, वल्ही १४, डेक बांबूचा. शिडाची तिरकी काठी आणि कापड याबद्दल कुणी सांगेल का?

मेणदोरा
तिरकी काठी एकसंध करू नका. खऱ्या काठ्या दोन-तीन तुकडे बांधून केलेल्या असत आणि ते बांध दिसायला हवेत. ३६० मिमीची हवी असेल तर २१० मिमीचे दोन तुकडे घ्या, मध्ये ६० मिमी एकमेकांवर, चार ठिकाणी दोऱ्याचे घट्ट वेढे. जाडी मध्ये ५ मिमी, टोकांना २.५.

डोलकाठीला ८ मिमी चौरस हळदू घ्या. प्रत्येक कडेपासून २.३ मिमीवर रेघ मारून कोपरे उतरवा, नेमका अष्टकोन मिळतो. मग सोळा कोन, मग पॉलिश पेपर. थेट गोल करायला गेलात तर काठी अंड्यासारखी होते.

शिडाला मांजरपाट जाड पडतो. जुनी मलमल धुऊन खळ काढा, चहाच्या पाण्यात बुडवा. मागच्या उभ्या कडेला समांतर धागा ठेवून कापा. मग काठीला लागणारी कड आपोआप तिरप्या धाग्यावर येते आणि ताणली की लांबते, म्हणून कापण्याआधीच त्या कडेला दोरा शिवून घ्या. शिडाच्या पट्ट्यांचे जोड मशीनने शिवू नका. २ मिमीचा टाका म्हणजे खरा १० सेंटिमीटरचा. दर साडेबारा मिमीला टोकदार पेन्सिलीची रेघ पुरते.

दोरासाठी ०.२५ ते ०.५ मिमीचा पॉलिएस्टर, मधमाशीच्या मेणातून दोनदा ओढून वर हेअर ड्रायर फिरवायचा, म्हणजे मेण आत मुरतं आणि धूळ बसत नाही. सुती दोरा पावसाळ्यात आखडतो आणि त्या ओढीने २.५ मिमीचं टोक वाकतं. हिवाळ्यात दोरा सैल पडला तरी टोक वाकलेलंच राहतं. गाठीवर पाण्यात निम्मा पातळ केलेला फेविकॉल टाचणीच्या टोकाने लावा आणि दुसऱ्या दिवशी शेपूट कापा.