प्रतिसाद: उरलंसुरलं? सगळंच नाही

वर एकाने लिहिलंय, मालिकेवरची कॉमिक्स म्हणजे उरलंसुरलं विकायचा धंदा. असं सरसकट नाही ना भाऊ! सुपरमॅन होण्याआधीच्या तरुण क्लार्क केंटची टीव्ही मालिका ‘स्मॉलव्हिल’ २०११ मध्ये संपली. दहा सीझन झाले, पण क्लार्क सुपरमॅनच्या पोशाखात नीट दिसला म्हणाल तर नाही. २०१२ च्या ‘सीझन इलेव्हन’ कॉमिकमध्ये तो सुपरमॅन म्हणून बिनधास्त उडतो. लेखक ब्रायन क्यू. मिलर मालिकेच्याच टीममधला, त्यामुळे क्लोई-लोइस या मालिकेतल्या पात्रांचं बोलणं ओळखीचं वाटतं. शिवाय कागदावर इफेक्ट्सचा खर्च नाही! नटांचे चेहरे हुबेहूब काढायच्या नादात अशा कॉमिक्समधली माणसं कधीकधी पासपोर्ट फोटोसारखी ताठ होतात, ही बोंब मात्र आहेच. नागपूरच्या बर्डीच्या फुटपाथवर असं काही सापडलं तर कव्हरवर जाऊ नका, आतली चार पानं चाळा, मग भाव करा.