नागाला लाह्या, धामणीला काठी?

रानवाट:
नागपंचमीला आमच्या आळीत पाटावर गंधाने नाग काढून दूध-लाह्या दाखवल्या. त्याच संध्याकाळी गोठ्यात धामण निघाली, तर चौघांनी ठेचली. धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी. मला तर वाटतं, आपली नागपूजा म्हणजे सोवळं नेसलेली भीतीच. ‘चावू नकोस’ म्हणून हात जोडायचे, यात सापाचं कौतुक कुठे आलं?

काळीमाती:
भीतीला नावं ठेवू नका. 2000 ते 2019 या काळात देशात अंदाजे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यांतली. माझे चुलते रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी पाजायला गेले आणि बांधावर घोणस चावली. जवळच्या दवाखान्यात लस नव्हती, पुढे तालुक्याला न्यावं लागलं. वाचले, पण तो पाय अजून सुजतो. अंधारात पाऊल टाकणाऱ्याला धामण की घोणस हे बघायला सवड नसते.

वारणाकाठ:
मी बत्तीस शिराळ्याचा. कोर्टाने जिवंत नागाची पूजा बंद करेपर्यंत आमच्याकडे पंचमीआधी पोरं नाग धरून आणायची, मडक्यात ठेवायची, सण झाला की परत रानात सोडायची. हातभरावर नागाने फणा काढला की अंगावर काटा येतो, पण नजर काही हटत नाही. दोन्ही एकदमच होतं. रानवाट, याला नुसती भीती कसं म्हणता?

रानवाट:
नजर हटत नाही हे मान्य. पण मडक्यात कोंडलेल्या नागाचं काय? साप दूध पिणारा प्राणी नाही, मिरवणुकीतला तर नाहीच. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलंय ते उगीच नाही. कौतुक लांबूनही करता येतं. काळीमाती, तुमच्या चुलत्यांचं वाचून मात्र माझा सूर चुकला असं वाटतंय.

काळीमाती:
सूर राहू द्या. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा, म्हणजे आमच्या हातातली काठी आपोआप खाली येईल. मण्यार झोपेत चावली तर कधीकधी कळतही नाही, म्हणून घरात कुणी जमिनीवर झोपत नाही. आणि कौतुकाचं म्हणाल, तर माझी आई रात्री ‘साप’ हा शब्द उच्चारत नाही, ‘लांबडं’ म्हणते. चुलत्यांना चावली तेव्हाही ‘पान लागलं’ एवढंच म्हणाली. तरी दर पंचमीला वारुळापाशी जाते, आणि त्या दिवशी घरात कुणाला विळीला हात लावू देत नाही.