एलिक्झिर: टास्क.एसिंक_स्ट्रीमने एसएमएस पाठवताना अख्खी प्रोसेस बंद पडते

हळद_पेठ (सांगली): मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी एलिक्झिर या प्रोग्रामिंग भाषेतलं सॉफ्टवेअर आहे. सौदे आटपले की शेतकऱ्यांना पट्टीचा (विक्रीच्या हिशेबाचा) एसएमएस जातो; टास्क.एसिंक_स्ट्रीम प्रत्येक नंबरासाठी वेगळा टास्क (छोटी स्वतंत्र प्रोसेस) चालवतं. दोनेक हजार नंबर, मॅक्स_कन्करन्सी (एका वेळी चालणारे टास्क) २००, एचटीटीपीसाठी फिंच ही लायब्ररी. एसएमएस पुढे पाठवणारा गेटवे जरा मंदावला की सगळंच थांबतं, आणि कुणाला गेला, कुणाला राहिला याचा पत्ता लागत नाही. काय बदलू?

कृष्णाकाठ: टास्कचा टाइमआउट मुळात ५००० मिलिसेकंद असतो आणि ऑन_टाइमआउट (मुदत संपल्यावर काय करायचं) असतो एक्झिट. म्हणजे एक टास्क रेंगाळला की तो चालवणारी प्रोसेसच जाते. तिथे किल_टास्क द्या, म्हणजे फक्त तो टास्क मारला जाईल. पण टास्कमध्ये एरर आला तर लिंकमुळे (टास्क पडला की त्याला जोडलेली प्रोसेसही पडते) पुन्हा तेच होईल, म्हणून टास्क.सुपरवायझरचं एसिंक_स्ट्रीम_नोलिंक वापरा. दोन्ही लागतं, एकाने भागत नाही. एलिक्झिर १.१४ पासून झिप_इनपुट_ऑन_एक्झिट आहे. ते चालू केलं की कोणती पट्टी अडकली ते निकालातच मिळतं.

बीम_मिरज: खरी गोम २०० मध्ये आहे. फिंचच्या पूलमध्ये (कनेक्शनांच्या साठ्यात) मुळात ५० कनेक्शन असतात. उरलेले १५० टास्क नुसते रांगेत उभे, आणि तो वेळही त्यांच्या ५ सेकंदांतच धरला जातो. त्यात फिंचचा रिसीव्ह_टाइमआउट (उत्तराची वाट बघण्याची मुदत) १५ सेकंदांचा! फिंच एरर देण्याआधीच टास्क मारला जातो, कारण कळणार कसं? कन्करन्सी ४० करा, पूल_टाइमआउट (कनेक्शन मिळण्याची मुदत) २ सेकंद, रिसीव्ह_टाइमआउट ८, टास्कचा १५. बाहेरची मुदत आतल्यांच्या बेरजेपेक्षा मोठीच हवी.

हळद_पेठ (सांगली): टाइमआउट झालेले लगेच परत पाठवले तर चालतील?

कृष्णाकाठ: थेट नको. टाइमआउट म्हणजे उत्तर आलं नाही एवढंच; एसएमएस गेलेला असू शकतो. एकाच पट्टीचे दोन मेसेज आले की शेतकऱ्याला वाटतं दोनदा पैसे जमा होणार, आणि दुकानात वाद. डेटाबेसमध्ये पट्टी क्रमांकावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दोनदा नोंदवू न देणारा) ठेवून पाठवण्याआधी नोंद करा. गेटवे आपला संदर्भ क्रमांक घेत असेल तर दुसऱ्या वेळी तोच द्या, नसेल तर आधी डिलिव्हरी रिपोर्ट बघा.

बीम_मिरज: किती गेले, किती राहिले याची मोजणी टास्कच्या आतून करू नका. टास्कने फक्त पट्टी क्रमांक आणि निकाल परत द्यावा, बेरीज बाहेर एनम.रिड्यूसमध्ये (एकेक निकाल घेऊन बेरीज करणारं फंक्शन). मग ऑर्डर्ड फॉल्सही (निकाल मूळ क्रमाने नकोत) बिनधास्त ठेवा, रेंगाळलेल्यामागे बाकीचे निकाल अडत नाहीत. हा स्ट्रीम लेझी आहे, म्हणजे कुणी निकाल मागितल्याशिवाय चालतच नाही. रिड्यूस काढून टाकलंत तर शेवटी स्ट्रीम.रन तरी लावा, नाहीतर एकही एसएमएस जाणार नाही आणि एररही दिसणार नाही.