संबळ दाबा, गळा वाढवू नका

दादा, स्वतः रेकॉर्ड केलेलं गाणं इथं टाकून "मोकळं सांगा" म्हणालात आणि वर कमेंटमध्ये सगळे "लय भारी" म्हणून निघून गेले. त्याचा तुम्हाला काय उपयोग? गळा गोडच आहे. पण दुसऱ्या कडव्यात संबळ आला की शब्द बुडतात. गळ्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर नेऊ नका. इक्वलायझरमध्ये संबळाचा २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा, म्हणजे त्याचा जाडसर आवाज, दोन-तीन डेसिबलनं उतरवून बघा. गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झखालचं सरळ काढा, तिथं कूलरच्या घरघरीशिवाय फारसं काही नाही. (मे महिन्यात परभणीत कूलर बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही.) पत्र्याची खोली घुमतेय, पाठीमागं दोन वाकळी टांगा.

माझ्या पहिल्या गाण्याला एकानं "ऐकवत नाही" एवढंच लिहिलं होतं. दोन दिवस तोंड फुगवून बसलो. मग विचारलं, नेमकं कुठं? त्यानं सेकंद सांगितला, आणि तिथं खरंच माझा श्वास माईकवर आपटत होता. तुम्ही पण "कसं वाटलं" ऐवजी "दुसऱ्या कडव्यातले शब्द कळतात का" असं विचारा.

गळा आणि वाद्यं पुन्हा जुळवून नवं मिक्स टाकाल तेव्हा जुन्याइतक्याच आवाजावर ठेवा. नाहीतर जे मोठ्यानं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं.