‘पोऱ्या प्रेसमा शे’ : तुमच्याकडे प्रेस म्हणजे काय? (अनुभव धागा)

माझं लग्न जमत होतं तेव्हाची गोष्ट. धरणगावच्या मावशीनं स्थळ आणलं आणि ओट्यावर टेकता टेकता एवढंच बोलली, “पोऱ्या प्रेसमा शे.” म्हणजे मुलगा प्रेसमध्ये आहे. बाकीचं ती पाणी पिऊन झाल्यावर सांगणार होती. तेवढ्यात घरात तीन पक्ष पडले.

आजोबांचा चेहरा उतरला. त्यांच्या लेखी प्रेस एकच, कापसाच्या गाठी बांधणारी. दसऱ्या-दिवाळीला सुरू, होळीनंतर थंड. “मंग चैतमा काय करस तो?” वडिलांना वाटलं पेपरवाला, म्हणजे रात्री-बेरात्री बाहेर आणि पगाराचं काही खरं नाही. नाशिकरोडची काकू मात्र पदर सारखा करून बसली. तिकडे ‘प्रेसमध्ये आहे’ म्हटलं की नोटांचीच प्रेस. १९२५ ची सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ ची करन्सी नोट प्रेस, या दोन्हींत घरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या लागलेले तिनं पाहिलेत. काकू म्हणाली, विचारत काय बसलात, देऊन टाका.

मुलाचा निघाला छपाईचा प्रेस, धुळ्यात. एक ऑफसेट मशीन, एक कटिंग मशीन, कामं लग्नपत्रिकांची आणि बिलबुकांची. काकू लगेच गप्प झाली. आजोबांना मात्र धंदा बारमाही आहे एवढं पुरलं. आता लग्नाला एकोणीस वर्षं झाली.

तुमच्या घरी, गावात हा शब्द कसा वापरतात? घोळ झाले असतील तर तेही लिहा.

सरकी

मी तुमच्या आजोबांच्या पक्षात. वडील पाचोऱ्याकडे एका जिन-प्रेसमध्ये होते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिनात कापसातून सरकी वेगळी होते, उरते ती रुई. ती प्रेसच्या पेटीत भरून दाबतात, पट्ट्या आवळतात आणि गाठ बाहेर ढकलतात. एक गाठ साधारण १७० किलोची. क्विंटलभर कापसातून ३३-३५ किलो रुई निघते, म्हणजे पाच क्विंटल कापूस एका गाठीत जातो. शेतकऱ्याची अख्खी गाडी दाबून केवढीशी होते ते बघून लहानपणी मला वाईट वाटायचं.

आगीची भीती फार. गेटवरच बिडी-काडी काढून घ्यायचे. वडील संध्याकाळी घरी आले की भुवया पांढऱ्या, आणि आई त्यांना झटकल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. तरी जेवताना वरणात एखादा तंतू सापडायचाच.

गाठीवर मार्का आणि नंबर घालायची काळी शाई असायची. म्हणजे आमच्याही प्रेसमध्ये छपाई होती म्हणा ना. त्याच शाईनं वडिलांनी माझ्या दप्तरावर नाव घातलं. दप्तर फाटलं, नाव गेलं नाही.

खिळेवाला

अमळनेरला वीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले. पाटीवर ‘प्रिंटिंग प्रेस’, तोंडात ‘छापखाना’. बहिणाबाई चौधरींनी जळगावच्या छापखान्यावर कविता रचली तीही याच शब्दानं. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांच्या कविता पुस्तकरूपानं आल्या त्या त्या गेल्यावर, १९५२ मध्ये. आमचे मालक हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाइकाला पत्रिका कधी मिळणार तेवढंच हवं असायचं.

खिळ्यांवर अक्षर उलटं असतं, त्यामुळे आम्ही उलटं वाचायला शिकलो. पण खान्देशातल्या जुळाऱ्याची खरी अडचण वेगळी. पत्रिकेत निमंत्रक चाळीस, त्यातले तीस पाटील! केसमधले, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतले, ‘ट’ आणि ‘ल’ बघता बघता संपायचे. दुसरी पत्रिका तोवर खोळंबायची, कारण पहिली छापून, धुऊन, खिळे परत खणांत टाकल्याशिवाय हातात काही नाही. शेवटी मी पंधरा-वीस ‘पाटील’ दोऱ्यानं बांधून गॅलीत, म्हणजे जुळवलेला मजकूर ठेवायच्या तबकात, तयारच ठेवले. नाव जुळवायचं, शेजारी एक पाटील उचलून ठेवायचा. एकदा घाईत एक पाटील उलटा बसला. प्रूफ बघणारानंही पाटील-पाटील वाचत नजर पुढे नेली, आणि चारशे पत्रिकांवर नवऱ्या मुलाचे थोरले काका डोक्यावर उभे राहिले. काका भले माणूस. जेवायला बोलावलं, आणि पंगतीत माझं ताट मुद्दाम उलटं मांडून ठेवलं.

तापीकाठची

माझं छोटंसंच. आमच्याकडे कपड्यांना इस्त्री करत नाहीत, कपडे ‘प्रेस’ करतात. पुण्यात होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात म्हटलं, “ड्रेस प्रेसला टाकून येते.” रूममेट म्हणाली, “त्यावर काय छापणारेस?” वर्षभर पुरलं तिला ते.

बातमीवाला

शिरपूरकडचा वार्ताहर. गाडीवर ‘प्रेस’ लिहून फिरणारा माणूस खरं तर इस्त्रीवाला निघतो, तो विनोद कृपया कुणी सांगू नका. आठवड्यातून दोनदा ऐकतो.

माझा घोळ कापूस खरेदी केंद्रावरचा. जिनाच्या गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग, लोक रात्रीपासून थांबलेले. ओलाव्यावरून वाद चालू होता. सीसीआय, म्हणजे कापूस घेणारं सरकारी महामंडळ, आठ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, त्यापुढे बारापर्यंत कापून देते, बाराच्या वर घेतच नाही. आणि पहाटेचं दव पडलं की यंत्राचा काटा कुठे जाईल सांगता येत नाही. त्यावर बातमी करायची म्हणून मी ट्रॉलीजवळ गेलो आणि म्हणालो, “मी प्रेसचा.” झालं. दहा-बारा जणांनी घेरलं. “भो, आज काय भाव शे?” कुणी मुठीत कापूस घेऊन माझ्या नाकाशी धरतोय, “दखा ना, कोरडा शे.” मी पेपरचा आहे हे कळल्यावर गर्दी निम्मी झाली. उरलेल्यांतल्या एका बाबांनी विचारलं, “मग तुमच्या प्रेसमध्ये काय दाबतात?”

मी वहीत मान घातली. आमच्यात बातम्या दाबतात, हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

धागाकर्ती

@खिळेवाला, तुमचा उलटा पाटील नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणतो, आता संगणकावर पाटील कधी संपत नाहीत, त्यामुळे निमंत्रक साठ झालेत. त्याला धास्ती निवडणुकीची. प्रचाराच्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, कायदाच आहे. कार्यकर्ते मात्र रात्री अकराला येऊन म्हणतात, “दादा, नाव नका टाकू, हजारच तर काढायचेत.” तो सरळ परत पाठवतो. दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली त्यापायी.

भुसावळची सून

सासूबाईंना गॅस नोंदवायला फोन लावून दिला. पलीकडून बाई म्हणाली, “मराठीसाठी दोन प्रेस करा.” सासूबाईंनी फोन मला दिला, “तिला सांग, आपल्याकडे एकच इस्त्री आहे.”

जुनी प्रेस

आमच्या गावातली कापसाची प्रेस बंद पडून वर्षं झाली. यंत्रं भंगारात गेली, पत्र्याची शेड आणि मैदान राहिलं. उन्हाळ्यात तिथं लग्नं लागतात. पत्रिकेवर स्थळ म्हणून ‘जुनी प्रेस, स्टेशन रोड’ एवढंच छापतात, कारण गावाला ते पुरतं. मागच्या वैशाखात बहिणीच्या लग्नाला नाशिकरोडचे पाहुणे निघाले. स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला म्हणाले, “प्रेसला सोड.” त्यानं नेऊन सोडलं पत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात. तिथल्या पोरानं चहा पाजला, पत्रिका बघितली, म्हणाला, “ही आमचीच,” आणि शटर ओढून पाहुण्यांना स्वतःच्या गाडीवर दोन फेऱ्यांत मांडवात आणून सोडलं. तोवर मंगलाष्टका संपल्या होत्या. पोरगा मात्र जेवूनच गेला.